रोहयोच्या (रोजगार हमी योजनेच्या) कामावर भावाची दिव्यांग म्हणून नोंद कशी करून घ्यायची?

वाडीवरची सुनंदा | २ जून २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी इथं बहुतेक वाचतच असते, लिहायची वेळ पहिल्यांदा आली. गाव बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं. तालुक्याचं नाव मुद्दाम घालत नाही, पंचायतीतल्या माणसांशी रोजची गाठ आहे.

प्रश्न धाकट्या भावाचा. वय ३४, दीड एकर कोरडवाहू, दोन लेकरं. सहा वर्षांपूर्वी ऊसतोडीला गेला होता. मोळी उचलताना उसाचं पात उजव्या डोळ्यात लागलं. उचल फिटली नव्हती म्हणून मुकादमानं फडावरून सोडलं नाही, चार दिवस डोळ्याला ओला फडका बांधून तो तोडत राहिला. पाचव्या दिवशी दवाखाना गाठला तेव्हा डोळा गेलेला होता.

आता कोयत्याच्या जोडीत त्याला कुणी घेत नाही. म्हणून गावातच रोहयोवर जातो. यंदा मजुरी ३१२ रुपये झाली, पण ती मापावर असते. पाच जणांनी मिळून खांदायचं, माप येईल तसे पैसे. एका डोळ्याला खोलीचा अंदाज येत नाही. टिकाव टाकायचा एकीकडं, पडतो दुसरीकडं. दोनदा स्वतःच्याच पायावर घेतलाय. गटातले लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण सोमवारी गट पाडताना त्याच्याकडं कुणी बघत नाही.

मी ग्रामरोजगार सेवकाला, म्हणजे पंचायतीत रोहयोचं काम बघणाऱ्याला, म्हटलं, याला पाणी वाटायचं नाहीतर रोपांचं काम द्या. तो म्हणाला सर्टिफिकेट आणा. तीन खेपा घालून आणलं. त्यावर ३० टक्के लिहून आलंय. आता म्हणतो ४० च्या खाली असलं की नोंद होत नाही.

डोळा पूर्ण गेलेला असताना ३० टक्के कसे काय? आणि पुढं काय करावं? कुणाला अनुभव असेल तर सविस्तर लिहा. मी इथंच आहे.

---

गोदाकाठ | २ जून, रात्री १०:०५

सुनंदाताई, वाचून जीव कळवळला. चार दिवस ओला फडका बांधून ऊस तोडणं म्हणजे काय असतं, हे फड पाहिलेल्यालाच कळेल.

मला नियम फारसे ठाऊक नाहीत. इथं दोन-तीन जण आहेत माहितीचे, त्यांना निरोप देतो. धागा वर राहू द्या.

---

नेत्रसहायक | २ जून, रात्री ११:२२

गोदाकाठ सरांच्या निरोपावरून आलो. मी ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासण्याच्या कामावर आहे, रोज हेच कागद बघतो.

ताई, ३० टक्के हा आकडा डॉक्टरांनी मनानं लिहिलेला नाही. दृष्टीचा तक्ता केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ठरलेला आहे. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चष्म्यासह ६/६ (म्हणजे नजर पूर्ण) असेल, तर ३० टक्केच बसतात. मोजतात ते दोन्ही डोळे मिळून माणसाला किती दिसतं ते. टिकाव मारताना खोली कळत नाही, गर्दीत उजवीकडून आलेली मोटारसायकल दिसत नाही, हे त्या तक्त्यात उतरत नाही. माझ्या टेबलावर असे कितीतरी मजूर येऊन 'साहेब, डोळा तर गेलाय ना' म्हणून उभे राहतात. उत्तर देताना दर वेळी जड जातं.

आता एक विचारतो, नीट आठवून सांगा. दुसऱ्या डोळ्याची तपासणी बाहुली मोठी करायचे थेंब टाकून झाली का? आणि डोळ्याशिवाय भावाला आणखी काही आहे का? कान, हात, पाय, पाठ, जुनी मोडलेली हाडं, काहीही.

---

हजेरीपट | ३ जून, सकाळी ७:१०

मी स्वतः ग्रामरोजगार सेवक आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. ताई, तुमच्या गावच्या माणसाची बाजू घेत नाही, पण आमचं काम कसं चालतं ते सांगतो.

ऑनलाइन नोंदीत कुटुंबातल्या प्रत्येक माणसापुढं दिव्यांग आहे का, असा रकाना असतो. तो भरायला मला कागद लागतो. कागदाशिवाय 'होय' लावलं आणि सामाजिक अंकेक्षणात (गावासमोर होणाऱ्या योजनेच्या तपासणीत) कुणी बोट ठेवलं, तर उत्तर मलाच द्यावं लागतं. आम्हाला पगार नाही, मानधन असतं, तेही उशिरा.

दुसरी अडचण गावातली. कामावर पाणी वाटायला एखादंच माणूस लागतं. सहा वर्षांच्या आतली पाच किंवा जास्त लेकरं असली तर ती सांभाळायला एक. या जागांवर अख्ख्या गावाचा डोळा असतो. म्हाताऱ्या बाया म्हणतात आम्हाला द्या, सरपंचाचे लोक म्हणतात आमच्या माणसाला द्या. हातात ४० चा कागद असला की मला चार माणसांत ठामपणे सांगता येतं, की नियमानं हे काम याचं आहे.

आमच्या गावात पोलिओ झालेला एक माणूस आहे. त्याला मेट, म्हणजे कामावर देखरेख ठेवणारा, केलं. मोबाईलवर दिवसातून दोनदा हजेरीचे फोटो काढतो, मस्टर अगदी चोख ठेवतो. सगळ्या कामात तोच सगळ्यात वेळेवर.

---

काळी_माती | ३ जून, सकाळी ९:४८

ताईंच्या भावाबद्दल वाईट वाटलं. तरीपण ४० टक्क्यांची रेघ असायला पाहिजे, असं माझं मत आहे. रेघ नसली तर अर्धं गाव कंबर धरून येईल. खोटी सर्टिफिकेटं कमी आहेत का? मागच्या वर्षी एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या सर्टिफिकेटावरून देशभर गाजलं. बदल्या वाचवायला लोकांनी बहिरेपणाचे कागद काढलेत. खऱ्या माणसाचा वाटा अशांनीच खाल्ला.

---

मृणाल_लातूरची | ३ जून, दुपारी १:३०

काळी_माती, खोट्या सर्टिफिकेटाचा राग मलाही तितकाच येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ मध्ये त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण खोटे कागद कुठं निघतात ते बघा. पक्की नोकरी, प्रवेश, बदली, जिथं मोठा फायदा आहे तिथं. दिवसाला ३१२ रुपयांच्या खणतीसाठी कोण पैसे मोजून खोटं सर्टिफिकेट काढेल? आणि तपासणी कडक झाली की तिचा भार मात्र याच माणसावर येतो. त्याला एका खेपेला दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं दोन्ही घालवावं लागतं.

सुनंदाताई, मी वकिलीचं काम करते, म्हणून कायद्याचं तेवढं सांगते. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. कलम ३७ प्रमाणे गरिबी निर्मूलनाच्या योजनांमध्ये ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यातही दिव्यांग बायांना प्राधान्य. मात्र ते लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांना, म्हणजे ४० टक्के आणि वर. रोहयोच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही दिव्यांगांना त्यांच्या कुवतीचं काम द्यायचं, वेगळ्या रंगाचं जॉबकार्ड द्यायचं आणि मजुरी इतरांइतकीच द्यायची, असं आहे. बसून काम करतो म्हणून कमी मजुरी द्यायला कुणालाही परवानगी नाही.

टक्के ठरवणाऱ्या वैद्यकीय बोर्डाचा निकाल पटला नाही तर निकालाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. तुमच्या कागदावर तारीख काय आहे ते आधी बघा.

---

वाडीवरची सुनंदा | ३ जून, रात्री ८:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. तारीख १९ मार्च आहे, म्हणजे मुदत आहे अजून.

नेत्रसहायक दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि मी भावाला हाक मारली. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं मळणीयंत्रात गेलीत, लग्नाच्या आधीच. करंगळी आणि तिच्या शेजारचं. मधलं बोट आहे पण वळत नाही, सरळच राहतं. इतकी वर्षं झाली की आमच्या ध्यानातच राहिलं नाही. तो चहाचा कपसुद्धा त्या हातात तळव्यावर ठेवून अंगठ्यानं दाबून धरतो, घरात सगळ्यांना त्याची सवय झालीय.

आम्ही डोळ्याचं सर्टिफिकेट काढायला गेलो होतो. हात दाखवायचा असतो हे माहीतच नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

---

नेत्रसहायक | ३ जून, रात्री ९:३१

ताई, मग थांबा, अपिलाची घाई करू नका. डोळ्याचे ३० बरोबरच आहेत, अपिलात ते वाढणार नाहीत. हात मोजलेलाच नाही, खरी गोम तिथं आहे.

दोन प्रकारचं दिव्यांगत्व असलं की साधी बेरीज करत नाहीत. मोठा आकडा तसाच धरतात. मग ९० मधून तो वजा करायचा आणि जे उरेल त्याचे लहान आकड्याइतके टक्के काढून मोठ्यात मिळवायचे. तुमच्या भावाचं असं: मोठा आकडा ३०. ९० वजा ३० म्हणजे ६०. हाताला समजा १० टक्के आले, तर ६० चे १० टक्के म्हणजे ६, एकूण ३६. पुरत नाहीत. १७ आले तर १०.२, एकूण ४०.२. म्हणजे हाताला किमान १७ यायला हवेत.

किती येतील ते अस्थिरोगतज्ज्ञच ठरवतील. ते नुसती तुटलेली बोटं मोजत नाहीत. सांधे किती वळतात, मुठीत जोर किती, चिमूट धरता येते का, शर्टाची गुंडी लावता येते का, हे बघतात. भावाला सांगा, लाजायचं नाही. आपली माणसं बोर्डापुढं गेली की पुरुषार्थ दाखवतात. 'जमतं की साहेब, सगळं जमतं' म्हणतात. जे जमत नाही ते जमत नाही म्हणूनच सांगायचं. जे जमतं ते लपवायचंही नाही.

---

चिंचेचा_पार | ३ जून, रात्री ११:५८

नेत्रसहायक, तुमचं शेवटचं वाक्य वाचून वडील आठवले, म्हणून लिहितो.

वडिलांचा डावा पाय लहानपणी तापात गेला. ते गुडघ्यावर हात दाबून चालायचे, त्या जागी धोतराला कायम मळकट ठसा असायचा. जन्मभर रोजगार हमीवर गेले. नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते. आईनं किती वेळा म्हटलं की अपंगाचा कागद काढा, एसटीची सवलत तरी मिळेल. ते म्हणायचे, "कागदावर लंगडा लिहून घेऊ का? पोरीला स्थळ कोण देईल?" माझ्या दोन्ही बहिणींची लग्नं होईपर्यंत त्यांनी तो विषय घरात काढू दिला नाही. धाकटीचं लग्न झालं त्याच्या पुढच्या महिन्यात स्वतः म्हणाले, चल. तोवर वय ६१ झालं होतं. ६४ व्या वर्षी गेले. सर्टिफिकेट ५५ टक्क्यांचं आलं होतं. ते त्यांनी कधी कुणाला दाखवलं नाही, ट्रंकेत माझ्या दहावीच्या मार्कशीटखाली ठेवलं होतं.

कागद नसण्याचं कारण दर वेळी कचेरीतच असतं असं नाही, हे सांगायचं होतं.

---

शबाना | ४ जून, सकाळी ११:१५

चिंचेचा_पार भाऊ, आमच्या घरीही हेच झालं. बहीण जन्मापासून ऐकत-बोलत नाही. अम्मी म्हणायची, शादी होऊ दे, मग कागद. शादीनंतर सासरच्यांनी म्हटलं, आता कशाला?

शेवटी मी हट्टानं काढलं. सुनंदाताई, आमची सगळ्यात जास्त अडचण नावात झाली. आधारवर माहेरचं आडनाव, जॉबकार्डावर सासरचं, बँकेत दोन्ही नाही, तिसरंच. १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारवरूनच जमा होते, त्यामुळं नाव जुळलं नाही की पैसे अडकतात. तुमच्या भावाचं नाव आधारवर, जॉबकार्डावर आणि जुन्या सर्टिफिकेटावर अक्षर न् अक्षर सारखं आहे का, ते आधी पाहा. 'राव' आहे का नाही, बापाचं नाव पूर्ण आहे का, सगळं.

आणि कानाच्या बाबतीत कुणी वाचत असेल तर सांगते, नुसत्या साध्या तपासणीवर भागत नाही. जिला बोलता येत नाही तिच्यासाठी बेरा नावाची तपासणी लागते, डोक्याला तारा लावून झोपेत करतात. आम्ही गेलो त्या दिवशी मशीन बंद होतं. पुढच्या खेपेला बहिणीला रात्रभर जागं ठेवून नेलं, म्हणजे तिथं झोप लागेल. बसमध्ये ती झोपू नये म्हणून तिच्या मुलीला तिच्या मांडीवर बसवलं होतं. पोरगी सारखी तिचे गाल ओढत होती आणि दोघी हसत होत्या.

आता बहीण रोपवाटिकेत पिशव्या भरते. दिवसाकाठी तिच्याइतक्या पिशव्या कुणाच्याच होत नाहीत.

---

अण्णा_६८ | ४ जून, दुपारी ४:४०

मुलांनो, म्हाताऱ्याची थोडी आठवण ऐका. बहात्तरच्या दुष्काळात मी पंधरा वर्षांचा होतो, खडी फोडायला जायचो. मिलोच्या लाल ज्वारीची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, यावर दिवस काढले. आमच्या कामावर एक आंधळी बाई होती. तिला कुणी सर्टिफिकेट विचारलं नाही. मुकादमानं तिला सावलीला बसवलं, पायाशी दगडांचा ढीग टाकला, हातात हातोडी दिली. ती बोटांनी चाचपून खडी फोडायची. संध्याकाळी तिची पाटी मोजली जायची तशी सगळ्यांचीच.

त्या मुकादमाला कोणता नियम ठाऊक होता म्हणता? रोजगार हमीचा कायदा तर पुढं १९७७ ला झाला, लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. वि. स. पागे साहेबांच्या डोक्यातली कल्पना ती. दिल्लीनं तिचा कायदा केला २००५ ला.

कागद नको असं मी म्हणत नाही. त्या बाईच्या नशिबानं मुकादम भला होता. वाईट असता तर तिला कुणाकडं दाद मागायला जागा नव्हती. आज कागद आहे म्हणून सुनंदा विचारू तरी शकते. पण माणूस समोर उभा आहे, डोळा नाही हे दिसतंय, अशा वेळी सेवकानं स्वतःच्या अधिकारात त्याला हलकं काम द्यायला काय हरकत आहे?

---

हजेरीपट | ४ जून, रात्री ८:२०

अण्णा, हरकत काहीच नाही. कागद नसला तरी मी मेटला सांगून असा माणूस माती ओढण्याऐवजी काठ घडवायला, रोपांना पाणी घालायला लावतो. पण तो शब्दावरचा कारभार झाला. सरपंच बदलला, मी बदललो, की तो माणूस परत टिकावावर. कार्डावर नोंद झाली की कुणी आलं तरी ती पुसत नाही.

ताई, आणखी एक. कामाची मागणी तोंडी करू नका. नमुना ४ भरून द्या आणि नमुना ५ ची तारखेची पोच घ्या. त्या तारखेपासून १५ दिवसांत काम द्यावं लागतं, नाहीतर बेरोजगार भत्त्याचा हक्क होतो. अर्जावरच लिहा की अमुक अपंगत्व असल्यानं अमुक प्रकारचं काम मिळावं. पोच नसली की आमच्यासारख्यांनाही विसरायला सोपं जातं, हे खरं सांगतो.

---

काळी_माती | ४ जून, रात्री ९:०२

मृणालताईंचा मुद्दा पटला. ३१२ रुपयांसाठी खोटं कोण काढेल, याचा मी विचार केला नव्हता. माझ्या डोळ्यासमोर नोकरीतले लोक होते. सुनंदाताई, जिल्ह्याला जायला गाडीची सोय नसली तर सांगा. तुमची वाट माझ्या गावावरून जात असली तर मी सोडेन.

---

तुतीवाला | ५ जून, सकाळी ६:३०

जालन्याकडून राम राम. सगळे मजुरीवर बोलताहेत, मी वेगळं सांगतो. रोहयोत वैयक्तिक कामं पण आहेत. विहीर, गोठा, फळबाग, तुती. त्यात पात्र कुटुंबांच्या यादीत अनुसूचित जाती, जमाती, भटके विमुक्त, दारिद्र्यरेषेखालचे, बाई कर्ती असलेलं घर यांच्याबरोबर 'शारीरिक अपंग व्यक्ती कर्ता असलेलं कुटुंब' असंही लिहिलेलं आहे. ताई, भावाची दीड एकर आहे, वेगळी चूल आहे. कर्ता तोच. ४० चा कागद हातात आला की ग्रामसभेत विहिरीसाठी नाव द्या. मी तुती रोहयोतूनच लावली. पाला तोडायला डोळ्यापेक्षा हाताची सवय जास्त लागते. आमच्याकडं एका हातानं अधू असलेली बाई रोज चंद्रिका (रेशमाच्या अळ्या कोष करतात ती जाळी) भरते.

गोदाकाठ सर, तुमच्याकडं पेरणीजोगा झाला का पाऊस? आमच्याकडं मे महिन्यातच इतका पडला की नांगरटीला वाफसा येईना.

---

गोदाकाठ | ५ जून, सकाळी ८:१५

आमच्याकडंही मे सगळा ओलाच गेला. हळद लावायची घाई चाललीय. पण मृगाआधी पेरायचं धाडस नको, उघडीप पडली तर दुबार येईल.

धाग्यावर येतो. एक शंका विचारतो. आमच्या शेजाऱ्याचं २०१० सालचं हातानं लिहिलेलं सर्टिफिकेट आहे, तीन डॉक्टरांच्या सह्यांचं. ते आता चालतं का?

---

मृणाल_लातूरची | ५ जून, सकाळी १०:४०

सर, १ जून २०२१ पासून प्रमाणपत्रं फक्त स्वावलंबन पोर्टलवरूनच निघतात. जुनं असेल तर पोर्टलवर अर्ज करून त्याची प्रत जोडायची, मग वैश्विक ओळखपत्र मिळतं. त्याचा क्रमांक १८ अक्षर-अंकांचा. कार्डाची पट्टी ४० टक्क्यांच्या खाली पांढरी, ४० पासून ८० च्या आत पिवळी आणि ८० व पुढं निळी. हे कार्ड देशात कुठंही चालतं. आपली इतकी माणसं तोडीला कर्नाटकात जातात, त्यांच्यासाठी हे फार मोलाचं आहे.

जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, एवढं शेजाऱ्यांना सांगा. माझ्याकडं एक आजोबा आले होते. पोरानं प्रेमानं लॅमिनेट करून दिलेलं, आणि उष्णतेनं शिक्का पसरून सगळा जांभळा डाग झालेला. सह्या कुणाच्या तेही वाचता येईना.

---

वाडीवरची सुनंदा | १० जुलै, रात्री ९:१५

धागा वर आणतेय. काल बोर्डापुढं जाऊन आलो. काळी_माती दादांनी खरंच पहाटे पाचला फाट्यावर गाडी आणली आणि दिवसभर आमच्याबरोबर थांबले. त्यांचं नाव गाव काही लिहीत नाही, पण उपकार विसरणार नाही.

या वेळी अर्जात दोन्ही लिहिलं, डोळा आणि हात. हाडांच्या डॉक्टरांनी भावाला टेबलावरचं एक रुपयाचं नाणं डाव्या हातानं उचलायला सांगितलं. त्यानं अंगठ्यानं ते टेबलाच्या कडेपर्यंत ओढत आणलं आणि तळव्यात पाडून घेतलं. डॉक्टर म्हणाले, असं नाही, चिमटीत धरून. नाही जमलं. तीनदा केलं. तिसऱ्यांदा नाणं खाली पडलं, तो ते उचलायला वाकला, तर डॉक्टरांनीच उचलून दिलं. मग भाऊ माझ्याकडं न बघता हळूच म्हणाला, "नाही जमत साहेब." मी त्याच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. बाहेर आल्यावर बराच वेळ तो काही बोलला नाही. आम्ही स्टँडवर भजे खाल्ले आणि आलो.

निकाल अजून यायचा आहे.

---

चिंचेचा_पार | १० जुलै, रात्री १०:३०

ताई, भावाला माझा नमस्कार सांगा. ते तीन शब्द म्हणायला माझ्या वडिलांना चाळीस वर्षं लागली.

---

वाडीवरची सुनंदा | २४ ऑगस्ट, सायंकाळी ७:०५

मंडळी, पोळ्याच्या आदल्या दिवशी सर्टिफिकेट ऑनलाइन आलं. हाताचे २२ टक्के, डोळ्याचे ३०, दोन्ही मिळून ४३. नेत्रसहायक दादांच्या हिशेबानं मी घरीच वहीवर मांडून बघितलं, ४३.२ येतात. कायमस्वरूपी लिहिलंय, परत तपासणी नाही. कार्ड पोस्टानं यायचंय, पट्टी पिवळी असेल.

दुसऱ्याच दिवशी झेरॉक्स घेऊन पंचायतीत गेलो. नमुना ४ भरला, हजेरीपट दादांनी सांगितलं तसं कामाचा प्रकार लिहिला. सेवक पोच द्यायला तयार नव्हता, म्हणाला कशाला, मी आहे ना. भाऊ तिथंच खुर्ची ओढून बसला. पोच घेऊनच उठला.

कालपासून गावाच्या रोपवाटिकेत आहे. कडुलिंब, करंज, सीताफळाची रोपं. आज पहिल्यांदा घरी येऊन पाय न बघता जेवायला बसला. विहिरीसाठी पुढच्या ग्रामसभेत नाव देणार आहे. तुतीवाले दादा, तेव्हा परत विचारीन.

---

हजेरीपट | २४ ऑगस्ट, रात्री ८:४४

फार बरं वाटलं ताई. एक काम राहिलंय. ऑनलाइन जॉबकार्ड उघडून त्याच्या नावापुढचा रकाना बदललाय का ते बघा. कागद घेतला म्हणजे नोंद झाली असं धरू नका.

---

नेत्रसहायक | २४ ऑगस्ट, रात्री ९:१०

आणि दर सहा महिन्यांनी डावा डोळा तपासून घ्या. रोपवाटिकेत फवारणी असली तर चष्मा लावूनच. राहिलेला एकच डोळा आहे.

---

माती_आणि_मी | २७ ऑगस्ट, दुपारी १२:२०

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझ्या सासऱ्यांना कुष्ठरोग होऊन बरा झालाय, पण हाताची बोटं आखडलीत, पायाला बधिरपणा आहे. ते रोहयोवर जातात. त्यांचं सर्टिफिकेट निघतं का? कुठून सुरुवात करू?

---

वाडीवरची सुनंदा | २७ ऑगस्ट, दुपारी २:०५

ताई, निघतं. कायद्यातल्या २१ प्रकारांत कुष्ठरोगमुक्त माणसं आहेत. मृणालताई पुढचं नीट सांगतीलच. तोवर सासऱ्यांजवळ बसा आणि डोक्यापासून पायापर्यंत काय काय त्रास आहे ते एका कागदावर लिहून काढा. हात, पाय, डोळ्याची पापणी मिटते का, कान, सगळं. मग आधार आणि जॉबकार्ड शेजारी ठेवून नाव जुळतं का बघा. दवाखान्याचे जुने कागद फेकले नसतील तर पिशवीत घाला. जाण्याआधी बोर्डाचा वार विचारून घ्या, आमची पहिली खेप त्यातच वाया गेली होती.